शाळेंतील स्वराज्य

ज्या वयांत माणसाच्या अंगीं सवयी रुजतात त्या वयांत त्याला आज्ञा मुकाट्यानें पाळण्याची एवढी एकच सवय लावावयाची, आणि त्याला अठरा वर्षें पुरीं होतांच त्याच्या हातीं मताचा अधिकार देऊन ‘आतां तूं या राज्याचा धनी झालास, सारासार विचार करून निर्णय कर,’ असें सांगावयाचें, यांत केवढी विसंगति आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. विहिरीच्या कांठावर बसून पोहणें येत नाहीं, हें लहान पोरालाहि कळतें. मग लोकशाही तेवढी नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील प्रश्नोत्तरें पाठ करून कशी यावी ?

आजकाल पुष्कळ शाळांतून विद्यार्थ्यांचें मंत्रिमंडळ निवडण्याची चाल पडली आहे. वर्षाच्या आरंभीं निवडणूक होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात, मुख्याध्यापकांसमोर शपथविधि होतो आणि छायाचित्र निघतें. पुढें आरोग्यमंत्र्यानें मुलांचीं नखें पाहावयाचीं, शिस्तमंत्र्यानें बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावयाचीं आणि क्रीडामंत्र्यानें चेंडू मोजून कपाटांत ठेवावयाचे. हीं कामें वाईट नव्हेत. त्यांनीं मुलांच्या अंगीं नीटनेटकेपणा येतो. परंतु त्यांना निर्णय म्हणतां येत नाहीं. अशा मंत्रिमंडळाची खरी परीक्षा एकाच प्रश्नानें होते. गुरुजींना न आवडलेला असा एखादा ठराव या मंडळानें वर्षभरांत केला काय, आणि केला असल्यास गुरुजींनीं तो पाळला काय ? बहुतेक ठिकाणीं या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असेंच मिळेल. तें ‘होय’ असें मिळावें म्हणून ज्या एका माणसानें स्वतः मुलांपुढें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहण्याचें पत्करलें, त्याची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

पोलंड देशाची राजधानी जें वॉर्सा शहर, तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं हेन्रिक गोल्डश्मिट नांवाचे एक ज्यू डॉक्टर मुलांच्या रुग्णालयांत काम करीत असत. लेखक म्हणून त्यांनीं यानुश कॉर्चाक असें टोपणनांव घेतलें होतें, आणि पुढें जगाला ते त्याच नांवानें माहीत झाले. रुग्णालयांतून बरें होऊन गेलेलें मूल पुन्हां त्याच दारिद्र्यांत जाऊन पडे, आणि त्यावर डॉक्टरांच्या पेटींत औषध नव्हतें. १९१२ सालीं क्रोख्माल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतींत ज्यू अनाथ मुलांचें वसतिगृह सुरू झालें. कॉर्चाक त्याचे प्रमुख झाले आणि स्टेफानिया विल्चिन्स्का या बाईंनीं तेथील रोजचा कारभार हातीं घेतला. सात ते चौदा वर्षांचीं शंभरावर मुलें तेथें राहत. त्यांतील पुष्कळांना घर म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. मारामारी, चोरी, खोटें बोलणें, दुबळ्याला छळणें, हें सर्व त्यांच्या बरोबरच त्या घरांत आलें होतें. अशा मुलांना ताळ्यावर आणण्याचा जगांतील रूढ उपाय म्हणजे छडी. कॉर्चाकांनीं तेथें न्यायालय स्थापिलें.

त्याची रचना साधी होती. ज्याला कोणाविरुद्ध तक्रार असेल त्यानें ती भिंतीवरील फलकावर नोंदवावयाची. मुलाला मुलावर फिर्याद करतां येई, वसतिगृहांतील कोणत्याहि मोठ्या माणसावर करतां येई, आणि आपल्याच हातून चूक घडली आहे असें वाटल्यास स्वतःवरहि करतां येई. आठवड्यांतून एकदां न्यायालय बसे. न्यायाधीश पांच असत आणि ते पांचहि जण मुलांतूनच निघत. ज्यांच्यावर त्या आठवड्यांत एकहि फिर्याद झालेली नाहीं अशांच्या नांवांच्या चिठ्ठ्या टाकून ते ठरविले जात. त्यामुळें आज न्यायासनावर बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यांत आरोपी असण्याचा संभव असे, आणि हें त्याला पक्कें ठाऊक असे. एका शिक्षकाकडे चिटणिसाचें काम होतें. त्यानें जबान्या लिहून घ्यावयाच्या, त्या वाचून दाखवावयाच्या. परंतु निकालांत त्याला मत नव्हतें.

कायद्याचें पुस्तक कॉर्चाकांनींच लिहिलें. त्यांतील कलमांचे क्रमांक एकपासून हजारपर्यंत जात, पण मधल्या पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. शंभराच्या आंतील सर्व कलमें फिर्याद काढून टाकण्याचीं किंवा क्षमेचीं होतीं. आरोपीला आपण काय करीत आहों हें कळत नव्हतें, त्याच्या हातून तें चुकून घडलें, त्याला पश्चात्ताप झाला आहे, फिर्यादीनेंच फिर्याद मागें घेतली आहे, अशीं तीं कारणें. शंभराव्या कलमाखालीं न्यायालय क्षमा करीत नसे, पण शिक्षाहि करीत नसे. हें कृत्य या मुलाच्या हातून घडलें, एवढेंच तें जाहीर करी. दोनशेंचें कलम लागलें म्हणजे तें कृत्य चुकीचें ठरे, तीनशेंचें लागलें म्हणजे वाईट ठरे. त्यापुढें निकाल वसतिगृहाच्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करणें, फलकावर लावणें, मुलाच्या नातलगांस कळविणें, अशा चढत्या पायऱ्या होत्या. हजारावें कलम घरांतून काढून टाकण्याचें. आणि काढून टाकलेल्या मुलालाहि तीन महिन्यांनीं पुन्हां प्रवेश मागतां येई. छडी, उपास, अंधारी खोली यांचें नांव त्या पुस्तकांत कोठेंहि नव्हतें. बहुतेक सर्व खटले शंभराच्या आंतच मिटत.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणी म्हणेल कीं, ही एक कौतुकाची योजना आहे; मुलांना खेळ म्हणून ठीक आहे. परंतु एके वर्षीं सहा महिन्यांच्या अवधींत कॉर्चाकांनीं स्वतःवर पांच वेळां फिर्याद नोंदविली, तेव्हां त्या खेळाचें स्वरूप पालटलें. एका मुलाच्या त्यांनीं थोबाडींत दिली होती. एकाला निजण्याच्या खोलींतून बाहेर घालविलें होतें. एकाला कोपऱ्यांत उभें केलें होतें. एका न्यायाधीशाचा त्यांनीं अपमान केला होता. एका मुलीवर त्यांनीं चोरीचा आळ घेतला होता. ज्या गोष्टी हजारों शिक्षकांच्या हातून रोज घडतात आणि संध्याकाळीं विसरल्या जातात, त्याच ह्या गोष्टी. कॉर्चाक मुलांवर अपार प्रेम करणारे होते, आणि तरीहि त्यांचा हात उठला होता. या माणसाला आपल्या प्रेमाचा भरंवसा पुरेसा वाटला नाहीं.

त्यांनीं पुढें या अनुभवाविषयीं जें लिहिलें त्याचा आशय असा कीं, या खटल्यांनीं त्यांना सनदशीर शिक्षक बनविलें. सनदशीर शिक्षक मुलाला अन्यायानें वागवीत नाहीं. याचें कारण त्याला मूल आवडतें हें नव्हे. शिक्षकाच्या लहरीपासून आणि मनमानीपासून मुलाचें रक्षण करणारी एक संस्था तेथें उभी असते, हें त्याचें कारण. दयाळू राजा आणि कायद्याचें राज्य यांत जो फरक आहे तोच येथें आहे. दयाळू राजाच्या प्रजेला त्याची प्रकृति बरी आहे कीं नाहीं हें रोज पाहावें लागतें. चांगल्या गुरुजींच्या वर्गांतील मुलेंहि सकाळीं गुरुजी आंत येतांना त्यांच्या कपाळाकडे पाहतात. आठ्या असल्या तर दिवस वाईट. कॉर्चाकांना आपल्या घरांतील मुलांची या कपाळवाचनांतून सुटका करावयाची होती.

हें सारें सुरळीत चाललें असें मात्र कोणी समजूं नये. कांहीं मुलें क्षुल्लक कारणासाठीं फिर्यादी गुदरूं लागलीं. शेवटीं क्षमाच होणार हें ओळखून कांहीं दांडगे न्यायालयाची थट्टा करूं लागले. न्यायाधीशांनाहि कामाचा कंटाळा येई. एक वेळ अशी आली कीं, कॉर्चाकांनीं कांहीं आठवडे न्यायालय बंदच ठेवलें. सामान्य शाळेंत अशा प्रसंगीं काय झालें असतें हें सांगावयास नको. ‘पाहा, मुलांच्या हातीं कारभार दिला कीं असें होतें,’ असें म्हणून छडी पुन्हां बाहेर निघाली असती, आणि तो प्रयोग फसल्याची कथा पुढें वीस वर्षें शिक्षकांच्या खोलींत सांगितली गेली असती. कॉर्चाकांनीं दोष कोठें आहे हें पाहून कायदा सुधारला. निकाल अमान्य असेल त्याला एका महिन्यानें फेरविचार मागण्याचा हक्क मिळाला, आणि कांहीं प्रकारचीं कामें न्यायालयाकडून काढून एका मंडळाकडे देण्यांत आलीं. मग न्यायालय पुन्हां बसूं लागलें. मोठ्यांच्या देशांतहि कायदे फसतात आणि सुधारले जातात. त्यासाठीं कोणी विधिमंडळ मोडून टाकीत नाहीं.

मुलांच्या राज्यांतील धोका कॉर्चाकांना दिसत नव्हता असेंहि नाहीं. १९२३ सालीं त्यांची ‘राजा मात्सिउश पहिला’ ही मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत एक बालराजा आपल्या राज्यांतील मुलांना त्यांची स्वतःची संसद देतो. ती संसद मोठ्यांनीं शाळेंत जावें आणि मुलांनीं त्यांचीं कामें करावीं असा ठराव करते, आणि राज्याची दुर्दशा होते. ज्या माणसानें स्वतःच्या घरांत मुलांना न्यायाधीश केलें त्यानेंच हें पुस्तक लिहावें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. अधिकार एका दिवसांत सगळा देऊन मोठ्यांनीं बाजूला व्हावें, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. तो पायरीपायरीनें द्यावा, मोठ्यांनीं सोबत राहावें, आणि दिलेला मात्र खरा असावा, असें तें म्हणणें होतें.

वसतिगृहांत एक पत्रपेटीहि होती. बोलून दाखविण्याचें धैर्य नसेल त्या मुलानें चिठ्ठी लिहून तींत टाकावी. लिहावयाचें म्हणजे थोडें थांबावें लागतें. आणि थांबलें म्हणजे कांहीं रागांची धग आपोआप ओसरते, तर कांहीं दुःखें खरींच मोठीं आहेत हें लिहितांना उमगतें. क्षुल्लक काय आणि महत्त्वाचें काय याची निवड करण्यास मूल असें शिकतें. मुलांना विवेक नसतो म्हणून त्यांना निर्णय देऊं नये असें म्हणणाऱ्यांनीं या पेटीचा विचार करावा. विवेक हा वापरानेंच वाढतो. न वापरलेली सुरी म्यानांत गंजते.

१९३० नंतरच्या दशकांत पोलंडच्या नभोवाणीवर ‘म्हातारे डॉक्टर’ या नांवानें एक गृहस्थ बोलत असत. लहानथोर सर्वजण त्यांचीं भाषणें आवडीनें ऐकत. बोलणारे कॉर्चाकच होते; परंतु ज्यू माणसाचें नांव उघड होणें त्या काळांत इष्ट मानलें जात नव्हतें. ज्यूद्वेष वाढला तशीं १९३६ सालीं तीं भाषणें बंद पडलीं. १९३९ सालीं जर्मन सैन्य वॉर्सांत शिरलें. १९४० च्या नोव्हेंबरांत मुलांना क्रोख्माल्ना रस्त्यावरील तें घर सोडून भिंतीनें वेढलेल्या ज्यू वस्तींत जावें लागलें. त्या भिंतीबाहेर मोठ्या माणसांचा कायदा चालत होता. तो छापील होता, त्यावर सह्या आणि शिक्के होते, आणि त्या कायद्यानें या मुलांचा जगण्याचा अधिकारहि शिल्लक ठेवला नव्हता. त्याच्याविरुद्ध फिर्याद नोंदविण्यास कोठेंहि फलक नव्हता.

१८ जुलै १९४२ रोजीं त्या कोंडलेल्या वस्तींत मुलांनीं रवीन्द्रनाथ ठाकुरांचें ‘डाकघर’ हें नाटक केलें. आजारानें खोलींत अडकून पडलेला आणि खिडकींतून जगाची वाट पाहणारा अमल त्या मुलांना समजावून सांगावा लागला नसेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत सैनिक आले. सुमारें दोनशें मुलांसह कॉर्चाक आणि स्टेफानियाबाई स्थानकापर्यंत चालत गेले. तेथून ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणींत सर्वांचा अंत झाला. स्वतःचा जीव वांचविण्याची संधि त्यांना देऊं करण्यांत आली होती. ती कॉर्चाकांनीं घेतली नाहीं.

या मरणाची कथा जगांत पुष्कळ सांगितली गेली, आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु तिच्या तेजांत त्यांच्या जगण्याची कथा झांकून जाऊं नये. मुलांबरोबर मरणाकडे चालत जाण्यास जें धैर्य लागतें तें थोड्यांच्याच वांट्यास येतें. स्वतःच्या चुकीची नोंद मुलांच्या फलकावर करून त्यांच्या निकालाची वाट पाहण्यास लागणारें धैर्य मात्र प्रत्येक शिक्षकाच्या आणि प्रत्येक आईबापाच्या आवाक्यांतलें आहे.

कॉर्चाकांच्या मागें त्यांचा विचार राहिला. १९७८ सालीं पोलंडनें बालकांच्या हक्कांविषयीं आंतरराष्ट्रीय करार व्हावा अशी सूचना मांडली, आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें तो करार मंजूर केला. त्याचें बारावें कलम असें सांगतें कीं, ज्याला स्वतःचें मत बनवितां येतें अशा मुलाला त्याच्याशीं संबंध असलेल्या सर्व बाबतींत तें मांडण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या मताला वय व समज पाहून योग्य तें वजन दिलें पाहिजे. १९९२ सालीं भारतानें हा करार स्वीकारला.

कोणी अशी शंका घेईल कीं, कॉर्चाकांचें घर वसतिगृह होतें. जेथें अभ्यास आणि परीक्षा आहेत त्या शाळेंत हें कसें चालावें? त्याचें उत्तर इंग्लंडांतील समरहिल शाळा देते. ए. एस. नील या स्कॉटिश शिक्षकानें १९२१ सालीं ती सुरू केली. तेथील सभेंत शाळेच्या राहणीचे नियम ठरतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला एक मत तसें मुख्याध्यापकालाहि एकच मत असतें. तासाला बसणें मुलांच्या खुशीवर सोपविलेलें आहे, आणि याच गोष्टीवरून १९९९ सालीं सरकारी तपासणीनंतर शाळेला नोटीस आली. शाळेनें दाद मागितली. २००० सालच्या मार्च महिन्यांत लंडनच्या न्यायालयाच्या इमारतींत सुनावणी चालू असतां सरकारकडून तडजोड पुढें आली. ती पत्करावयाची कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं हजर असलेल्या विद्यार्थ्यांनीं त्याच दालनांत आपली सभा भरविली, वाद केला, मतें घेतलीं आणि मान्यता दिली. नीलची तासांची पद्धति सर्वांना पटेलच असें नाहीं; परंतु आपल्या शाळेच्या जीविताचा प्रश्न उभा राहिला असतां मुलें भांबावलीं नाहींत. सभा कशी चालवावी हें त्यांना रोजच्या सरावानें ठाऊक होतें.

भारतांत २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाला मारणें व मानसिक त्रास देणें यांवर बंदी घातली, आणि सरकारी व अनुदानित शाळांसाठीं व्यवस्थापन समिति नेमण्याचें ठरविलें. त्या कायद्याच्या कलमांत समितीचे सभासद म्हणून पालक, शिक्षक आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधि यांचा उल्लेख आहे. ज्यांच्यासाठीं शाळा आहे त्या मुलांचा नाहीं. परंतु कायद्यानें जें सांगितलें नाहीं तें करण्यास कोणत्याहि मुख्याध्यापकाला मनाई नाहीं.

आरंभ लहान असावा. स्नेहसंमेलनाचा निधि कसा खर्चावा, सहल कोठें न्यावी, मैदान कोणत्या वर्गाला कोणत्या दिवशीं मिळावें, वाचनालयासाठीं कोणतीं पुस्तकें घ्यावीं, असे चार विषय मुलांच्या सभेकडे सोंपवावेत. औषधपाणी, जिवाला धोका असणाऱ्या बाबी, परीक्षेचे गुण हे विषय त्यांच्याकडे नाहींत, हें पहिल्याच दिवशीं सांगून टाकावें. जें द्यावयाचें नाहीं तें स्पष्टपणें न देणें यांत अप्रामाणिकपणा नाहीं; देऊन मग हळूच काढून घेणें यांत आहे. आणि एकदां विषय सोंपविला कीं सभेचा निर्णय चुकला तरी तो पाळला जावा. मुलांनीं संमेलनाचे सगळे पैसे रोषणाईवर उधळले आणि अल्पोपहाराला कांहीं उरलें नाहीं, तर गुरुजींनीं खिशांत हात घालूं नये. त्या रात्रीं दिव्यांच्या झगमगाटांत उपाशी बसलेलीं मुलें अंदाजपत्रकाचा जो धडा शिकतील, तो कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. पुढच्या वर्षीं तींच मुलें आधीं चिवड्याचा हिशेब करतील.

मुलें निर्दय होतील, बहुमताच्या जोरावर एकट्यादुकट्याला छळतील, ही भीति मात्र खरी आहे. तिच्यासाठींच कॉर्चाकांच्या पुस्तकांत हजाराव्या कलमाआधीं क्षमेचीं इतकीं कलमें होतीं. मतें मोजण्याआधीं दुबळ्याचें म्हणणें ऐकून घेणें आणि निकाल देतांना उद्यां आपण त्या जागीं असूं हें आठवणें, हे दोन नियम सभेला पहिल्यापासून लावले पाहिजेत. ज्यांनीं ते लहानपणीं पाळले त्यांना मोठेपणीं ग्रामसभेंत किंवा नगरपालिकेंत ते नव्यानें शिकावे लागणार नाहींत.

राहतां राहिला प्रश्न गुरुजींच्या मानाचा. मुलांपुढें चूक कबूल केली तर धाक उरणार नाहीं, असें पुष्कळांना वाटतें. क्रोख्माल्ना रस्त्यावरील घरांत तसें घडलें नाहीं. तेथून बाहेर पडलेलीं मुलें प्रौढ होऊन देशोदेशीं गेलीं, आणि आपल्या डॉक्टरांचें नांव त्यांनीं आदरानेंच घेतलें. शाळेच्या दाराशीं एक फलक टांगण्यास खर्च फारसा येत नाहीं. घरांतहि जेवणघराच्या भिंतीवर एक कागद लावतां येईल. त्यावर फिर्याद लिहिण्यास मुलें पहिले दिवशीं धजणार नाहींत. तीं मोठ्यांकडे पाहत राहतील. म्हणून पहिली नोंद मोठ्यानेंच करावी, आणि ती स्वतःवर करावी.